किल्ली शोधण्याचं निमित्त : जिन्यात थांबणाऱ्या एका पेशंटचं प्रकरण

हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे. पेशंटची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजार कसा पुढे सरकला आणि माझ्या हातून काय राहून गेलं, ते मात्र जसंच्या तसं लिहिलं आहे. पेशंट वाचल्या, त्यांच्या हृदयाचा स्नायूही जवळजवळ पूर्ण वाचला. पण त्याआधीचे पाच आठवडे आम्ही दोघांनी मिळून वाया घालवले, आणि त्या पाच आठवड्यांत काहीही होऊ शकलं असतं.

पार्श्वभूमी

वय ५६. एका कार्यालयात हिशेबाचं काम, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर. घरात त्या आणि २८ वर्षांचा मुलगा. तंबाखू नाही, दारू नाही. वजन डोळ्यात भरण्याइतकं नाही, पण कमरेचा घेर गेल्या काही वर्षांत वाढलेला. झोप जेमतेम साडेपाच तास. 'शुगर नाही' असं त्या ठामपणे सांगत, पण रक्ताची शेवटची तपासणी चार वर्षांपूर्वीची होती. मुलगा गॅलरीत सिगारेट ओढायचा आणि धूर घरात यायचा. हे मला पुढे कळलं.

दहा-बारा वर्षं त्या माझ्याकडे येतात. पेशंट ओळखीचा झाला की आपल्याला त्याच्याबद्दल सगळं ठाऊक आहे असं डॉक्टरला वाटू लागतं. त्यांच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात 'वडील अचानक गेले' अशी नोंद होती. कितव्या वर्षी गेले, कशाने गेले, हे मी कधी विचारलं नव्हतं. गरोदरपणात त्यांचं बीपी खूप वाढलं होतं आणि शेवटचे काही दिवस हॉस्पिटलमध्ये काढावे लागले होते, ही गोष्ट तर कागदावर नव्हतीच. गरोदरपणातलं वाढलेलं बीपी बाळंतपणानंतर उतरतं आणि सगळे ते विसरून जातात. प्रत्यक्षात अशा बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून पन्नाशीतल्या बाईलाही हा प्रश्न विचारायचा असतो.

तक्रार काय होती आणि मी काय ऐकलं

पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पित्त झालंय. घशाशी जळजळतं आणि जबडा भरून येतो. संध्याकाळी जास्त होतं."

मी विचारलं, "छातीत दुखतं का?" त्या म्हणाल्या, "नाही, दुखत नाही." पोट तपासलं, जेवणाच्या वेळा विचारल्या आणि पित्ताच्या गोळ्या १४ दिवसांसाठी लिहून दिल्या. बीपी १४८/९२ होतं. घाईघाईत आल्यामुळे असेल, असं दोघांनीही धरून चाललो. 'परत एकदा बघू' म्हणालो, पण कधी ते ठरवलं नाही.

या भेटीत दोन गोष्टी निसटल्या. पहिली 'दुखतं' या शब्दात. हृदयाला रक्त कमी पडतं तेव्हा अनेक लोक 'दुखतं' म्हणत नाहीत. आवळल्यासारखं होतं, भरून येतं, कुणीतरी दाबून धरल्यासारखं वाटतं, जळजळतं, जीव घाबरतो, असे त्यांचे शब्द असतात. कळ छातीच्या मधोमध असेलच असंही नाही. जबडा, घसा, खांदा, डावा किंवा उजवा हात, पाठ, बेंबीच्या वरचा भाग, कुठेही ती जाणवू शकते. अटॅकमध्ये छातीची तक्रार स्त्री-पुरुष दोघांतही सर्वांत जास्त आढळते, हे खरं. पण मळमळ, धाप, जबड्यात किंवा पाठीत ओढ, न उतरणारा थकवा या तक्रारी बायकांकडून जास्त ऐकू येतात, आणि डायबेटिस असलेल्यांत तर कधीकधी काहीच जाणवत नाही.

दुसरी गोष्ट 'संध्याकाळी' या शब्दात होती. तो मी जेवणाशी जोडला. संध्याकाळी त्या कामावरून परत येऊन तीन मजले चढतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. मधल्या काळात जबड्यासाठी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. दात चांगले निघाले. "गोळ्यांनी थोडं बरं वाटतंय," म्हणाल्या. आता माझ्या मनात शंका आली, म्हणून ईसीजी काढला. तो नॉर्मल आला. मी म्हणालो, "हार्टचं काही नाही."

या एका वाक्याची मला आजही खंत वाटते. ईसीजी म्हणजे आडवं पडून, विश्रांतीत असताना घेतलेली दहा सेकंदांची नोंद. त्या दहा सेकंदांत हृदय रक्तासाठी धडपडत नसेल, तर कागद स्वच्छ येतो. अंजायना म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने येणारी कळ. तिच्या कितीतरी पेशंटांचा विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल असतो. 'या क्षणी ईसीजीत काही दिसत नाही' एवढंच म्हणायचा मला अधिकार होता. मी जे बोललो त्यामुळे त्यांनी पुढचे दोन आठवडे सगळं अंगावर काढलं. 'बरं वाटतंय' याचं कारणही गोळ्या नव्हत्या, ते पुढे कळलं.

मुलाने सांगितलेली गोष्ट

पाचव्या आठवड्यात मुलगा स्वतःच्या खोकल्यासाठी आला. औषध घेऊन निघताना दाराशी थांबला आणि म्हणाला, "डॉक्टर, आईला एकदा बघा ना. ती हल्ली जिन्यात किल्ली शोधत उभी राहते."

मला अर्थ लागला नाही. त्याने सांगितलं ते असं : दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो तिथे आई थांबते, पर्स उघडते आणि किल्ली शोधते. मिनिट-दोन मिनिटं. मग वर येते. किल्ली वर्षानुवर्षं पर्सच्या पुढच्याच कप्प्यात असते. "काल मी घरीच होतो. दार उघडंच होतं. मी वरून हाक मारली, तरी ती किल्ली शोधत होती."

मी त्याला बसवून घेतलं आणि त्यांना लगेच फोन करून बोलावलं. आल्यावर कुठे दुखतं हा विषयच काढला नाही. विचारलं, केव्हा होतं? काय करत असताना? थांबल्यावर किती वेळात जातं? महिन्यापूर्वी किती चढल्यावर व्हायचं आणि आता किती?

उत्तरं सरळ होती. सुरुवातीला तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर जबडा भरून यायचा. मग दुसऱ्या मजल्यानंतर. आता पहिला जिना संपतानाच. थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातं. सोबत दम लागतो, घशात जळजळतं. त्या हळू चढू लागल्या होत्या, जड पिशवी दोन खेपांत नेत होत्या, ऑफिसात फायली आणायला दुसऱ्याला पाठवत होत्या. म्हणून 'बरं वाटत' होतं. दुखणं अंगावर काढताना माणूस आपलं हिंडणं-फिरणं थोडं थोडं आखडत नेतो आणि त्याचं त्यालाही ते कळत नाही. शेजारी राहणाऱ्याला मात्र ते दिसतं.

चालताना, विशेषतः चढावर, छातीत आवळून येतं आणि थांबलं की लगेच जातं, हे वर्णन विल्यम हेबरडन या इंग्रज वैद्याने १७६८ मध्ये मांडलं आणि ते १७७२ मध्ये छापून आलं. 'अंजायना' हे नाव त्यानेच दिलं. तेव्हा ईसीजी नव्हता, रक्ताच्या चाचण्या नव्हत्या. त्याने फक्त 'केव्हा येतं आणि केव्हा जातं' एवढं नीट ऐकलं होतं.

शेवटी मी विचारलं, "बसल्या जागी कधी झालंय?" त्या मुलाकडे बघून हळूच म्हणाल्या, "काल रात्री. पंधरा-वीस मिनिटं. घामही आला. याला उठवलं नाही."

समोर कोणते पर्याय होते

या उत्तराने सगळा हिशेबच बदलला. श्रमानंतर येणारा आणि महिनोन्महिने तसाच राहणारा अंजायना असेल तर सवडीने तपासण्या करता येतात. पण नव्याने सुरू झालेला, दर आठवड्याला कमी श्रमात येऊ लागलेला आणि आता विश्रांतीतही आलेला अंजायना अस्थिर असतो. रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थराला चीर पडून त्यावर गुठळी धरत असल्याचा तो संशय असतो.

पहिला पर्याय दोन दिवसांनी स्ट्रेस टेस्टला पाठवण्याचा. ट्रेडमिलवर चालवून ईसीजी बघायचा. कुणीही पटकन सुचवेल असा, आणि या पेशंटसाठी सर्वांत धोक्याचा. दुसरा, हृदयरोगतज्ज्ञांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेण्याचा. तो पेशंटला मान्य होता, कारण ऑफिसात महिनाअखेरची कामं होती. तिसरा, आताच्या आता अँजिओग्राफीची सोय असलेल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात पाठवण्याचा.

निर्णयाआधी मी पुन्हा ईसीजी काढला. त्या क्षणी त्यांना काहीही होत नव्हतं. तरी छातीच्या पुढच्या भागातल्या व्ही-टू आणि व्ही-थ्री या लीडमध्ये, म्हणजे त्या भागाची नोंद करणाऱ्या रेषांत, टी लाट नावाचा उंचवटा खोल उलटा झालेला दिसला. दोन आठवड्यांपूर्वीचा कागद शेजारी ठेवल्यावर फरक मुलालाही दिसला. या खुणेला वेलेन्स यांचं नाव आहे. १९८२ मध्ये नेदरलँड्समधल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ती नोंदवली. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी मुख्य धमनी सुरुवातीलाच खूप अरुंद झाल्याची ती खूण असते, आणि ती कळ नसतानाच दिसते. अशा पेशंटला ट्रेडमिलवर चढवणं म्हणजे दवाखान्यातच अटॅक ओढवून घेणं. त्यांना मी पहिल्या भेटीतच स्ट्रेस टेस्टला पाठवलं असतं तर निदान लवकर झालं असतं. आता तीच टेस्ट जिवावर बेतली असती.

काय केलं

त्या म्हणाल्या, "उद्या जाते. आज पगारपत्रकं पूर्ण करायची आहेत." मुलगा म्हणाला, "मी गाडीवरून सोडतो." दोन्ही नको म्हणालो. वाटेत हृदयाची लय बिघडली तर गाडीवर काहीच करता येत नाही. सुसज्ज अँब्युलन्समध्ये शॉक देण्याचं यंत्र असतं.

त्यांना समजावायला पाच-सात मिनिटं गेली. 'सीरियस आहे' असं म्हटल्यावर त्या आणखीच बंद झाल्या. मग दोन्ही ईसीजी त्यांच्या हातात दिले आणि म्हणालो, "हिशेबाच्या दोन पानांत एवढा फरक दिसला असता, तर तुम्ही उद्यावर टाकलं असतं का?" त्या कागदांकडे बघत राहिल्या आणि फोन काढून ऑफिसला कळवलं.

ॲलर्जी, अल्सर, रक्तस्राव यातलं काही नाही याची खात्री करून ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला दिली. चावून घेतल्याने ती लवकर लागू पडते. अँब्युलन्स येईपर्यंत त्यांना उठू दिलं नाही, अगदी बाथरूमपर्यंतही नाही. हॉस्पिटलला फोन करून आधी कळवलं आणि दोन्ही ईसीजी सोबत दिले.

पोचल्यावर दहा मिनिटांच्या आत तिथला ईसीजी झाला. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन म्हणजे ट्रोपोनिन. ते पहिल्या तपासणीत जवळपास नॉर्मल आलं. इथे अनेक घरांत 'रिपोर्ट चांगला आलाय, सोडा घरी' असा आग्रह सुरू होतो. पण ट्रोपोनिन रक्तात चढायला तास लागतात, म्हणून ते ठरावीक वेळाने पुन्हा बघतात. तीन तासांनी घेतलेलं दुसरं वाढलेलं होतं. छोटा अटॅक होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी अँजिओग्राफीत पुढच्या मुख्य धमनीत सुरुवातीलाच ९० टक्के ब्लॉकेज दिसलं. एक स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची पंपिंग क्षमता ५५ टक्के, म्हणजे चांगली. चौथ्या दिवशी घरी.

घरी आल्यानंतर

सगळ्यांना वाटलं, झालं, ब्लॉकेज निघालं. स्टेंटने एका जागची वाट मोकळी होते. धमन्यांत चरबी साचण्याचा आजार तसाच राहतो, आणि तो आवरायचं काम औषधांचं आणि रोजच्या सवयींचं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकच्या सुमारे ९० टक्के धोक्याचा उलगडा बदलता येण्याजोग्या नऊ गोष्टींतून झाला : धूम्रपान, रक्तातली चरबी, बीपी, डायबेटिस, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्यांचं प्रमाण, दारू आणि शारीरिक हालचाल. आमच्या पेशंटच्या बाबतीत यांतल्या निम्म्या तरी लागू होत्या. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १४८. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ६.१ टक्के, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर.

पहिला महिना मात्र या आकड्यांपेक्षा भीतीशी झगडण्यात गेला. त्या घराबाहेर पडेनात. जिना दिसला की छातीवर हात जाई. रात्री दचकून उठत. अटॅकनंतर उदास आणि भयभीत होणं फार जणांच्या वाट्याला येतं आणि त्याकडे दुर्लक्ष झालं तर औषधं चुकतात, चालणं राहतं. हॉस्पिटलच्या कार्डियाक रिहॅबमध्ये, म्हणजे अटॅकनंतर देखरेखीखाली व्यायाम करवून घेणाऱ्या वर्गात, नाव घातलं. तिथे नाडीचा वेग बघत, त्या पहिल्यांदा मोकळेपणाने चालल्या. नियम सोपा होता : चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. दहा मिनिटांपासून सुरू करून तीन महिन्यांत त्या रोज तीस मिनिटांवर आल्या. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण त्यांनी तेव्हा गाठलं.

मिठाचं प्रमाण कमी केलं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून सपाट चमचाभर. सुरुवातीला जेवण बेचव लागलं, काही आठवड्यांत जीभ सरावली. बीपी घरी मोजायला शिकवलं : पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर, बोलायचं नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, सात दिवस, मग सरासरी. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर गेली तर ते वाढलेलंच. त्यांची १४४/९० निघाली. पहिल्या भेटीतलं बीपी घाईमुळे वाढलेलं नव्हतं.

चौथ्या महिन्यात दाढ काढायची वेळ आली. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं, 'रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठवडाभर बंद कर.' त्यांनी बंद करण्याआधी फोन केला, आणि तेवढ्याने मोठं संकट टळलं. स्टेंटनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत या गोळ्या अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. हृदयरोगतज्ज्ञ आणि दातांचे डॉक्टर आपसात बोलले, गोळ्या चालू ठेवून दाढ काढली, रक्त दाबून धरल्यावर थांबलं.

परिणाम

वर्ष झालं. बीपी १२६/७८ च्या आसपास. एलडीएल सहा आठवड्यांत ६८ वर आलं. अटॅकनंतर ते ५५ च्या खाली ठेवायचं असल्याने दुसरी गोळी जोडली, आता ५२ आहे. सरासरी शुगर ५.८. कमरेचा घेर सहा सेंटीमीटरने कमी. झोप अजून सहा तासांच्या पुढे सरकलेली नाही आणि त्यावर आम्ही अडलो आहोत. मुलाने आई हॉस्पिटलमध्ये असतानाच सिगारेट सोडली. दोनदा पुन्हा ओढली, तिसऱ्या प्रयत्नात सुटली. सोडून एक वर्ष झालं की सिगारेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका सुमारे निम्म्यावर येतो. त्याचं वर्ष अजून भरायचं आहे. खोकला गेला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या भेटीतच 'जिना चढताना होतं का?' एवढा एक प्रश्न पुरला असता. वय ५६, बीपी वाढलेलं, रक्त चार वर्षांत तपासलेलं नाही. अशा पेशंटच्या कमरेच्या वरच्या कुठल्याही तक्रारीला हा प्रश्न आता मी विचारतोच. 'हार्टचं काही नाही' हे वाक्य मी बोलणं सोडलं आहे. ईसीजी नॉर्मल आला तर सांगतो : आज यात दिसत नाही. पण चालताना आलं, थांबल्यावर गेलं, तर लगेच या. बसल्या जागी आलं, घाम फुटला, पाच-दहा मिनिटांत गेलं नाही, तर माझ्याकडे येऊ नका, थेट अँब्युलन्स बोलवा.

पेशंटच्या बाजूने बघितलं तर एकच जागा मला सतावते : आदल्या रात्रीची ती वीस मिनिटं. घाम फुटलेला असताना त्या अंधारात बसून राहिल्या, कारण मुलाला सकाळी लवकर जायचं होतं. मी पुढे त्यांना विचारलं, मुलाला असं झालं असतं आणि त्याने तुम्हाला उठवलं नसतं, तर? त्या काही बोलल्या नाहीत, डोळे पुसले.

वडिलांचं वयही तेव्हाच विचारलं. ५१ व्या वर्षी, झोपेत. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, किंवा आई-बहीण ६५ च्या आत हृदयविकाराने आजारी पडले असतील, तर घरातल्या बाकीच्यांनी लवकर तपासून घ्यावं लागतं. त्यांना ४९ वर्षांचा धाकटा भाऊ आहे. 'मला काही होत नाही' म्हणत तो दोन महिने टाळत होता. शेवटी तपासलं तेव्हा बीपी १५२/९६, एलडीएल १७२ निघालं आणि औषधं सुरू झाली. त्याला तपासणीला जायला लावणारा फोन बहिणीनेच केला होता. मुलगा तेव्हा शेजारी बसलेला होता. त्याने सांगितलं, आईने ख्यालीखुशालीही विचारली नाही. पहिलंच वाक्य होतं, "खरं सांग, जिना चढताना तू कुठे थांबतोस का?"